पिसवा घरात झाल्यात म्हणून कुत्र्याला घराबाहेर काढू नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही पुढचं नीट लागेल. खानापूर तालुक्यात, जांबोटीकडच्या पावसाच्या पट्ट्यात तुमचं कौलारू घर. सोपा आणि माजघर मातीचं, सारवलेलं. स्वयंपाकघरात मागाहून घातलेली फरशी. गणपती झाल्यावर महिनाभर तुम्ही सगळे बेळगावला मुलाकडं होता आणि कुत्रा शेजाऱ्यांच्या गोठ्यात होता. परत येऊन कुलूप काढलं आणि तासाभरात सगळ्यांचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पिसवांनी फोडून काढले. मग कुत्र्याला आणून शाम्पूनं दोनदा धुतलं, पावडर चोळली, घरात एकदा फवारा मारला. पंधरा दिवस झाले तरी पिसवा आहेतच. घरात एक मांजर आहे, परड्यात दोन शेळ्या आहेत. तुम्ही विचारलंय की औषध बनावट निघालं का, आणि सासूबाई म्हणतात तसं कुत्र्याला लांब कुठंतरी सोडून यावं का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. कुत्र्याला सोडू नका. घरच्या अन्नावर वाढलेलं जनावर रस्त्यावर टाकलं की त्याचे हाल होतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि त्याला सोडून घरातल्या पिसवा कमीही होणार नाहीत. कुत्रा नसेल तर त्या तुम्हालाच चावतील. तुमच्या घरी तेच झालं: महिनाभर कुत्रा घरात नव्हता, तरी पिसवा निघाल्याच. सासूबाईंना हे एवढंच सांगितलंत तरी त्यांना पटेल असं मला वाटतं.

औषधाचंही तसंच. ते बनावट असेलच असं नाही. बहुतेक वेळा औषध आपलं काम करतं, पण आपण ते चुकीच्या जागी आणि फार थोडे दिवस वापरतो. मी या भागात गुरांबरोबर कुत्र्या-मांजरांनाही औषधपाणी करतो. पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत पिसवांची जी घरं माझ्यापुढं येतात, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट तुमच्यासारखीच असते. म्हणून आधी पिसवांचं घरात काय चालतं ते समजून घ्या. ते एकदा कळलं की पुढची प्रत्येक सूचना कशासाठी आहे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

कुत्र्याच्या अंगावर जी तपकिरी, चपटी, केसांतून पळणारी पिसू दिसते ती पूर्ण वाढलेली. ती रक्त पिते आणि पहिल्या जेवणानंतर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. चांगलं रक्त मिळालं तर एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा जिथं झोपतो, अंग झाडतो, खाजवतो, तिथं ती गळून पडतात. त्यांच्याबरोबर पिसवांची विष्ठाही पडते. ही विष्ठा म्हणजे वाळलेलं रक्तच, काळ्या बारीक कणांसारखं. दोन दिवसांपासून दहा-बारा दिवसांपर्यंत केव्हाही अंडी फुटतात आणि बारीक पांढरट अळ्या बाहेर येतात. अळी चावत नाही. ती उजेड टाळते, जमिनीच्या भेगांत, पोत्याच्या घडीत, खाटेखालच्या धुळीत शिरते आणि तिथं पडलेलं ते वाळलेलं रक्त खाऊन वाढते. एक ते तीन आठवड्यांत ती स्वतःभोवती चिकट कोश विणते. त्याला आजूबाजूची धूळ, माती चिकटते आणि तो कोश डोळ्यांना दिसेनासा होतो.

सगळी अडचण आहे ती या कोशात. आत पिसू तयार होते, पण लगेच बाहेर येत नाही. जवळपास ऊब, पावलांची थरथर, श्वासातला कार्बन डायऑक्साइड, यांतलं काही जाणवलं की ती बाहेर उडी मारते. काहीच जाणवलं नाही तर ती आठवडेच्या आठवडे, थंड आणि दमट जागी पाच-सहा महिनेसुद्धा, आत बसून राहू शकते. या अवस्थेत तिच्यापर्यंत कुठलाच फवारा, पावडर किंवा धूर भरवशानं पोचत नाही.

आता तुमचं बंद घर डोळ्यांपुढं आणा. गणपतीच्या आधी पावसात कुत्रा सोप्यात, माजघरात झोपत होता. त्यानं टाकलेली अंडी त्या महिन्याभरात अळ्या झाली, अळ्यांचे कोश झाले, कोशांत पिसवा तयार झाल्या. बाहेर पडायला त्यांना कोणी मिळालं नाही. तुम्ही कुलूप काढून आत पाय ठेवला आणि त्या सगळ्या एकदम निघाल्या. घरात माणसं राहत असती तर त्याच पिसवा रोज थोड्याथोड्या निघाल्या असत्या आणि एवढ्या लक्षातही आल्या नसत्या.

पिसवांच्या अभ्यासकांचा ढोबळ हिशेब असा: घरातल्या एकूण पिसवांत पूर्ण वाढलेल्या, म्हणजे कुत्र्यावर दिसणाऱ्या, शेकडा पाचच. निम्मी अंडी, साधारण पस्तीस टक्के अळ्या आणि दहा टक्के कोश. हे आकडे घराघरात बदलतील, पण अंदाज यायला पुरेसे आहेत. कुत्र्याला शाम्पू लावला की आपण त्या पाचांवर हात टाकतो. वरचं तण कापलं आणि बी जमिनीत तसंच राहिलं, असा हा प्रकार. शिवाय शाम्पूचा असर अंग वाळेपर्यंतच. संध्याकाळी तोच कुत्रा त्याच पोत्यावर जाऊन बसला की नव्या पिसवा त्याच्यावर चढतात.

त्यामुळं कुत्रा घरातच हवा, असं मी म्हणतो, पण औषध दिलेला. अंगात किंवा अंगावर टिकणारं औषध असलेला कुत्रा नेहमीच्या जागी झोपत राहिला, की कोशातून निघालेली पिसू त्याच्यावर उडी मारते आणि अंडी घालायच्या आत मरते. नवीन अंडी पडणं थांबतं. जमिनीत आधीच असलेलं सगळं आठवड्यागणिक बाहेर येत जातं आणि त्याच्यावर येऊन संपत जातं. माणसाला चावण्यापेक्षा पिसूला कुत्रा-मांजर जास्त आवडतं, त्याचा हा फायदा करून घ्यायचा. घरातल्या पिसवा वेचून मारणारं याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

औषध कोणतं, हे मात्र तुमच्या कुत्र्यावर अवलंबून आहे. त्याचं वजन, वय, त्याला कधी फिट आली होती का, कुत्री असेल तर गाभण आहे का, हे सगळं बघावं लागतं. त्यामुळं इथं मी नावं सांगतो, पण मात्रा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सध्या सगळ्यांत खात्रीची म्हणजे तोंडानं द्यायची गोळी. अफोक्सोलेनर (नेक्सगार्ड) आणि सॅरोलेनर (सिम्पारिका) महिन्यातून एकदा, फ्लुरालेनर (ब्राव्हेक्टो) साधारण बारा आठवडे टिकतं. पिसवा आणि गोचीड दोन्हींवर चालतात. तुमच्याकडच्या पावसात कुत्रा रोज भिजतो, चिखलात लोळतो, ओढ्यात उतरतो. त्यानं गोळीचा असर धुतला जात नाही, म्हणून पावसाळी पट्ट्यात माझी पहिली पसंती गोळीलाच. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गटातली गोळी देताना सांभाळावं लागतं, ते डॉक्टरांना आधी सांगा. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला देऊ नका. आणि मोठ्या कुत्र्याची एक गोळी मोडून दोघा-तिघांत वाटायची, हा प्रकार कृपा करून करू नका. तुकड्यातुकड्यात औषध सारखं असेलच याची खात्री नसते.

गोळी परवडत नसेल तर फिप्रोनिलचे मानेवर सोडायचे थेंब, किंवा फिप्रोनिल आणि मेथोप्रीन एकत्र असलेले. मेथोप्रीन अंडी आणि अळ्या वाढू देत नाही, म्हणून एकत्र असलेले मिळाले तर ते घ्या. थेंब केसांवर सोडायचे नाहीत. खांद्यांच्या मधोमध केस दुभागून कातडीवर सोडायचे, जिथं त्याची जीभ पोचत नाही. आदल्या आणि नंतरच्या दोन दिवसांत अंघोळ नको. तुम्ही शाम्पू करून ओल्या अंगावर पावडर चोळली, असं लिहिलंय. त्यात पावडरीचा उपयोग होत नाही आणि कुत्रा ती चाटतो. पट्टे बाजारात खूप मिळतात, पण स्वस्तातले बहुतेक नुसते वासाचे असतात.

गोचिडांसाठी अमित्राझ वापरतात, ते पिसवांवर भरवशाचं नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन तर कुठल्याही किड्यासाठी टोचून घ्यायची पद्धत पडली आहे. पिसवांवर त्याचा भरवसा नाही, आणि काही जातींच्या कुत्र्यांना ते मारक ठरतं.

आता ज्यासाठी मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ते सांगतो. शेतातलं औषध कुत्र्यावर मारू नका. द्राक्षांसाठी, कापसासाठी, भाजीसाठी आणलेली बाटली घरात असते, झाकणभर बादलीत टाकून कुत्र्याला अंघोळ घालतात. ही औषधं कातडीतून आत जातात आणि उरलेलं कुत्रा चाटून पोटात घेतो. क्लोरपायरीफॉससारख्या औषधांनी तोंडाला फेस येतो, लाळ गळते, अंग थरथरतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वास अडतो. निपाणी भागात तंबाखूचं पाणी लावायची जुनी रीत आहे. वाडवडिलांनी गुरांना लावलं म्हणून कुत्र्यालाही लावतात. निकोटिन कातडीतून भराभर भिनतं आणि लहान कुत्र्याला, पिल्लाला ते झेपत नाही. ओकारी, कंप, मग झटके. असं काही झालं असेल तर हातात मोजे घालून कुत्र्याला साबणाच्या पाण्यानं भरपूर धुवा आणि बाटली किंवा पाकीट बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. काय लावलं हे डॉक्टरांपासून लपवू नका. क्लोरपायरीफॉसच्या विषावर अॅट्रोपीन आहे, पण ते वेळेत द्यायला काय लावलं ते कळावं लागतं. रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्यांची पूड, लसणाचा रस यांतलंही काही नको. लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, आणि फिनेल मांजराला तर फारच.

मांजराचं मुद्दाम वेगळं सांगतो, कारण तुम्ही ते प्रश्नात एका ओळीत उरकलंय आणि तुमच्या घरात पिसवांचा अर्धा कारभार बहुधा तेच चालवत असेल. कुत्र्यांवरची सगळ्यांत जास्त आढळणारी एक पिसू मूळची मांजराचीच म्हणून ओळखली जाते. मांजर माळ्यावर, धान्याच्या पोत्यांवर, वाकळांच्या चळतीवर झोपतं, म्हणजे अंडी अशा जागी पडतात जिथं तुमचा झाडू जात नाही. कुत्र्याला औषध दिलं आणि मांजर तसंच ठेवलं तर तुम्ही तीन महिने उगाच खर्च कराल. त्याच दिवशी मांजरालाही औषध द्या, पण मांजराचंच. फिप्रोनिलचे मांजराच्या मापाचे थेंब किंवा सेलामेक्टिन. कुत्र्याच्या ज्या औषधात पर्मेथ्रिन आहे ते मांजराला कधीही नको, थोडंसंसुद्धा. मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही, झटके येऊन मांजर दगावतं. तसं औषध कुत्र्याला लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

शेळ्यांकडंही बघा. आपल्याकडं शेळ्यांवर पिसवा असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मोठी शेळी सोसते, पण पावसाळ्यात झालेली करडं पिसवांनी पांढरीफटक पडून मरतात. डोळ्याची खालची पापणी ओढून बघा, आतला भाग गुलाबी हवा. फिकट असेल तर उशीर करू नका. शेळ्यांना कुत्र्याचं औषध लावू नका, कारण दूध आणि मटण माणसांच्या पोटात जातं. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात विचारा किंवा १९६२ वर फोन करून फिरत्या पशुदवाखान्याला बोलवा. कोंबड्या असतील तर त्यांच्या तुऱ्यापाशी, डोळ्यांभोवती काळे ठिपके घट्ट चिकटलेले आहेत का बघा. ती वेगळ्या जातीची पिसू आहे, एका जागी चिकटून बसते, आणि कुत्र्याच्या कानाच्या कडांवरही येते.

इतकं झालं की घर. तुमचं घर मातीचं आहे, त्यामुळं शहरातल्या फ्लॅटसाठी लिहिलेल्या सूचना तुम्हाला पुरणार नाहीत. बेळगाव शहरात, टिळकवाडीतल्या घरात फरशी, व्हॅक्यूम क्लीनर आणि धुलाईयंत्र असतं, तिथं काम सोपं. सारवलेल्या जमिनीचं गणित वेगळं आहे.

अळीला दमटपणा लागतो. हवा कोरडी पडली, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते. कडक उन्हातही मरते. अथणी-रायबागच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात पिसवा आपोआप ओसरतात आणि कणकुंबी-जांबोटीकडं वर्षभर थोड्याफार राहतात, याचं मोठं कारण हेच. सारवणाची जमीन ओल धरते आणि तिच्यात भेगा असतात. म्हणजे अळीला अन्न, ओल आणि अंधार, तिन्ही एकाच जागी. म्हणून दर दोन-चार दिवसांनी सारवायचं आणि त्यानं पिसवा जातील असं समजायचं, यानं उलटंच होतं. सारवणानं भेगा बुजतात हा फायदा खरा, पण तो कोरड्या दिवशी, योग्य क्रमानं केला तर.

क्रम असा ठेवा. चांगलं ऊन पडेल असा दिवस बघा. दिवाळीच्या पुढं तुमच्याकडं तसे दिवस मिळतात. खाट, पेट्या, पाट, पोती सगळं बाहेर काढा. जमीन कोरड्या झाडूनं कोपऱ्यांपासून झाडा, खास करून भिंत आणि जमीन मिळते ती कड, उंबऱ्याची खाच, चुलीमागं, जात्याखाली, आणि कुत्रा-मांजर झोपतात त्या जागा. केर परड्यात टाकू नका, जाळा. भेगा चिकणमातीनं बुजवा, मग पातळ सारवण करा आणि दारं-खिडक्या उघड्या टाकून पूर्ण वाळू द्या. त्यानंतर फवारणी. फवारल्यावर दोन-तीन आठवडे पुन्हा सारवू नका, नाहीतर औषध शेणाखाली गाडलं जातं. तुम्ही आधी फवारा मारला आणि दोन दिवसांनी सारवलं, असं लिहिलंय. पहिला फवारा वाया गेला तो बहुधा त्यामुळं. स्वयंपाकघराच्या फरशीच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, तिथं फवाऱ्यापेक्षा तेच बरं.

फवारणीचं औषध घरगुती वापराचं हवं. डेल्टामेथ्रिन किंवा लॅम्डा-सायहॅलोथ्रिन कीटकनियंत्रणवाले वापरतात. त्यांच्याकडं पायरीप्रॉक्सिफेन मिळालं तर तेही मिसळून मारायला सांगा, त्यानं अंडी-अळ्या पुढं वाढत नाहीत. भिंतीभर आणि छतावर मारायची गरज नाही. जमीन, कडा, भेगा, खाटेखाली आणि जनावरांच्या झोपायच्या जागा एवढंच. फवारताना आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत मुलं, कुत्रा, मांजर सगळे बाहेर. भांडी, धान्य, पाण्याची घागर झाकून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुन्हा मारा, कारण मधल्या काळात कोशातून निघालेल्यांना ते लागतं. आणि पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नका. ही औषधं माशांना फार विषारी आहेत, आणि तुमचा ओढा पुढं मलप्रभेलाच मिळतो.

बाहेर अंगणभर फवारू नका. उघड्या उन्हातल्या मातीत अळ्या जगत नाहीत. कुत्रा जिथं सावलीत पडून राहतो, म्हणजे पडवीखाली, सरपणाच्या ढिगाजवळ, झाडाच्या बुंध्याशी, तेवढी जागा झाडून साफ करा, जमलं तर ऊन लागेल अशी मोकळी करा.

कुत्र्याचं पोतं जाळून टाका आणि त्याला जुन्या लुगड्याचा धडपा द्या, जो आठवड्याला उकळत्या पाण्यात घालता येईल. वाकळी, चादरी बंबातल्या कडक पाण्यात बुडवा. घोंगडं उकळता येत नाही, ते दोन-तीन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा आणि जोरात झटका. मीठ टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय. तुमच्याकडच्या हवेत मीठ पाणी ओढतं, जमीन आणखी ओली होते. कडुनिंबाचा धूर डासांना पळवतो, पण भेगेतल्या कोशाला त्याचं काही नाही.

हे सगळं एकदम जमणार नाही, पैसेही मोजके असतात, हे मला कळतं. निवडायचंच झालं तर फवारणीचा खर्च सोडा आणि कुत्रा-मांजराच्या तीन महिन्यांच्या औषधावर घाला. झाडू, ऊन आणि उकळतं पाणी फुकट आहे. जनावरांना औषध नीट चालू असेल तर फवारणीशिवायही घर स्वच्छ होतं, फक्त वेळ जास्त लागतो. जनावरांना औषध न देता कितीही फवारलं तरी होत नाही.

आता पुढच्या दिवसांत काय दिसेल ते आधीच सांगून ठेवतो, कारण लोक हमखास इथंच धीर सोडतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत कुत्रा शांत होईल. त्यानंतर आठवडाभरानं पुन्हा पिसवा दिसतील, कधी आधीपेक्षा जास्तही, कारण झाडलोटीच्या थरथरीनं कोश फुटतात. या पिसवा औषध देण्याआधी पडलेल्या अंड्यांतल्या आहेत. त्या बाहेर आल्या म्हणजे जमिनीतला साठा तेवढा कमी झाला. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उतार पडतो. तुमच्यासारख्या दमट मातीच्या घरात पूर्ण थांबायला दोन ते तीन महिने धरा. पहिल्या महिन्यानंतर पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणून दुसरी मात्रा चुकवली, तर उशिरा निघालेल्या चार पिसवा सगळं पुन्हा सुरू करतात.

कमी होतंय का हे मोजायची सोपी रीत आहे. गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून संध्याकाळी सोप्यात, माजघरात पाच मिनिटं पाय आपटत फिरा आणि मोज्यांवर किती पिसवा चढल्या ते लिहून ठेवा. दर आठवड्याला, त्याच वेळी. रात्री दिव्याखाली परातीत साबणाचं पाणी ठेवलं तरी पिसवा उडी मारून पडतात. त्यानं पिसवा संपत नाहीत, पण कुठल्या खोलीत जास्त आहेत ते कळतं. कुत्र्यावर बघायचं तर शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. नाही पसरला तर साधी माती. मुधोळ जातीसारख्या आखूड केसांच्या कुत्र्यावर पिसवा लगेच दिसतात, दाट केसांच्या पॉमेरेनियनवर ही कापसाची परीक्षाच कामाला येते.

घरातल्या माणसांबद्दल दोन गोष्टी. पिसवा माणसाला चावतात पण माणसाच्या अंगावर किंवा केसांत घर करत नाहीत, त्यामुळं नातीचे केस कापायची गरज नाही. चावलेल्या जागी कॅलामाइन लावा, नखं कापून ठेवा, खाजवून पू झाला तर डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंना प्लेगची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. मुंबई इलाख्यात १८९६ नंतर प्लेगनं जे झालं त्याच्या गोष्टी आपल्याकडं घराघरात सांगितल्या जातात, त्यामुळं ती भीती समजण्यासारखी आहे. पण तो रोग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांनी पसरला. कुत्रा-मांजराच्या पिसवा चावल्या म्हणून प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही. मात्र घरात उंदीर फार असतील, आणि कुणाला ताप, जोराची डोकेदुखी, अंगावर पुरळ असं झालं, तर डॉक्टरांना पिसवा चावल्याचं आवर्जून सांगा. पिसवांमुळं टायफससारखा एक ताप येतो, वेळेत ओळखला तर औषधानं बरा होतो.

कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा विष्ठेत तांदळाच्या दाण्याएवढे हलणारे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. कुत्रा खाजवताना पिसू गिळतो, तिच्यातून हा जंत पोटात जातो. लहान मुलाच्या तोंडातही चुकून पिसू गेली तर होऊ शकतो. त्यावर प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध लागतं. साध्या जंताच्या औषधात ते असेलच असं नाही, तेव्हा नाव वाचून घ्या. पिसवा कमी झाल्यावरही कुत्रा कंबरेपासून शेपटीपर्यंत चावत-खाजवत राहिला, तिथले केस गेले, कातडी लाल झाली, तर त्याला पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असेल. अशा कुत्र्याला एक-दोन पिसवाही पुरतात. त्याला वर्षभर औषध चालू ठेवावं लागतं आणि खाज थांबवायला वेगळे उपचार लागतात.

पुढच्या वेळी घर बंद करून जायचं असेल तर कुत्रा-मांजराला औषध निघण्याच्या महिनाभर आधीपासून चालू करा. परतल्यावर आधी एकानंच बूट-मोजे घालून आत जावं, दारं-खिडक्या उघडून, जमीन झाडून, फवारून बाहेर यावं आणि वाळल्यावर बाकीच्यांनी आत यावं.

दोन महिने हे नीट केल्यावरही मोज्यांवर पिसवा तेवढ्याच चढत असतील, तर इथंच परत लिहा. कुत्र्याचं आणि मांजराचं वजन, कोणतं औषध कुठल्या तारखेला दिलं, मध्ये कधी सारवलं, दर आठवड्याचे मोज्यांवरचे आकडे, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा किंवा भटकी मांजरं रात्री सोप्यात येऊन झोपतात का, एवढं कळवा. बहुतेक वेळा उत्तर त्या शेवटच्या गोष्टीत सापडतं.